डब्याच्या झाकणावरचा संकेत आणि ऑर्डरचा माग

घरपोच सेवा देणाऱ्या व्यवसायात एखादी ऑर्डर कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, कोठे थांबली आणि चूक झालीच तर ती नेमकी कोणत्या टप्प्यावर झाली, हे मागाहून ठामपणे सांगता येणे याला ट्रेसेबिलिटी, म्हणजे माग काढण्याची सोय, असे म्हणतात. ही सोय सुधारण्याचा विषय निघाला की मुंबईच्या डबेवाल्यांचा दाखला हमखास दिला जातो आणि तो देणे योग्यही आहे. मात्र त्या दाखल्याभोवती इतके गैरसमज साचले आहेत की त्यातून खरोखर शिकण्यासारखे जे आहे तेच झाकले जाते.

सर्वांत रुजलेला समज असा की झाकणावरच्या रंगीत खुणा म्हणजे ग्राहकाचा सांकेतिक भाषेत लिहिलेला पूर्ण पत्ता होय. वस्तुतः तेथे ग्राहकाचे नाव नसते आणि ज्या घरातून डबा उचलला त्या घराचा क्रमांकही नसतो. झाकणाच्या मध्यभागी ठळक आकडा असतो, तो डबा ज्या भागात पोहोचवायचा त्या भागाचा. कडेला समजा ‘९ ईएक्स १२’ असे लिहिलेले असेल, तर ९ हा त्या भागात डबा पोहोचवणाऱ्या डबेवाल्याचा क्रमांक, ईएक्स ही इमारतीची खूण आणि १२ हा मजला. तर रंग आणि आकृती यांवरून डबा मूळ कोणत्या स्थानकातून निघाला हे कळते. म्हणजे प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाला त्याच्यापुरते आवश्यक तेवढेच झाकण सांगते: चढत्या बाजूच्या फलाटावर डबे वेगळे करणारा केवळ मधला आकडा पाहतो, उतरत्या बाजूचा कडेचा पहिला अंक पाहतो आणि इमारतीची खूण व मजला यांच्याशी फक्त शेवटच्या माणसाला कर्तव्य असते. उरलेली माहिती डबेवाल्याच्या स्मरणात असते आणि एका माणसाकडे साधारण पंचवीस-तीसच डबे असल्यामुळे ते स्मरण विश्वसनीय ठरते.

खुणा वापरल्या जातात त्या डबेवाले निरक्षर असल्यामुळे, हे म्हणणे अर्धवट आहे आणि या कष्टकऱ्यांवर अन्याय करणारे आहे. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये ही सेवा सुरू केली त्या काळी ओळखीसाठी रंगीत दोरे आणि चिंध्या बांधल्या जात, हे खरे. पण मावळ, खेड, जुन्नर या पट्ट्यातून आलेले आजचे बहुतेक डबेवाले शाळेत गेलेले आहेत, आणि तरीही संकेत छोटा ठेवला जातो तो लोकल काही सेकंदच थांबते म्हणून. गर्दीच्या फलाटावर चार ओळींचा पत्ता वाचण्यास कोणालाही, मग तो कितीही शिकलेला असो, सवड नसते.

अचूकतेविषयीच्या दाव्यांकडे अधिक काळजीपूर्वक पाहिले पाहिजे. डबेवाल्यांना ‘सिक्स सिग्मा’ प्रमाणपत्र मिळाले आहे आणि १ कोटी ६० लाख फेऱ्यांमागे त्यांची एकच चूक होते, ही दोन विधाने एका श्वासात केली जातात. या प्रसिद्धीचा उगम फोर्ब्स नियतकालिकातील १९९८ च्या एका लेखात आहे, आणि नियतकालिकातील लेख म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. शिवाय ही दोन विधाने एकमेकांशी जुळतही नाहीत. सिक्स सिग्मा या दर्जाच्या मापात दर दहा लाख संधींमागे ३.४ चुका गृहीत धरल्या जातात, म्हणजे १ कोटी ६० लाखांमागे सुमारे ५४. २०२० च्या टाळेबंदीपूर्वी रोज सुमारे २ लाख डबे ये-जा करीत असल्याचे सांगितले जाई; जाणे आणि परतणे मिळून ४ लाख फेऱ्या धरल्या, तर पहिल्या मापाने रोज एखादी चूक संभवते आणि दुसऱ्या दाव्याने चाळीस दिवसांत एक. प्रत्येक चुकीची नोंद ठेवल्याखेरीज यांपैकी कोणताही आकडा सिद्ध करता येत नाही. डबेवाल्यांचे काम असामान्य आहेच. त्याला उसन्या आकड्यांची गरज नाही.

येथेच मुख्य भेद लक्षात येतो. झाकणावरचा संकेत पुढची वाट दाखवतो, मागची नोंद ठेवत नाही. रोज तेच घर, तेच कार्यालय, तीच माणसे असतात म्हणून डबा चुकला तर मुकादम विचारपूस करून तो शोधून काढू शकतो. ज्या व्यवसायात ग्राहक एकदाच मागणी करतो आणि पोहोचवणारा रोज बदलतो, तेथे विचारपूस करणार तरी कोणाला? अशा ठिकाणी प्रत्येक वस्तूला स्वतंत्र क्रमांक लागतो. टपाल खात्याच्या स्पीड पोस्टवर असा तेरा चिन्हांचा क्रमांक असतो: आरंभी दोन अक्षरे, मग आठ अंक, मग एक पडताळा अंक आणि शेवटी देशाची दोन अक्षरे. पडताळा अंक म्हणजे आधीच्या अंकांवरून गणिताने काढलेला, चूक पकडण्यासाठीच जोडलेला अंक. आठ अंक ४७३१२४८२ असतील तर त्यांना अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ यांनी गुणून बेरीज २०० येते, तिला ११ ने भागून बाकी २ उरते आणि ११ मधून २ वजा जाता ९ हा पडताळा अंक मिळतो. घाईत कोणी ७ आणि ३ यांची अदलाबदल करून ४३७१२४८२ असे लिहिले, तर बेरीज १९२ होते, पडताळा अंक ६ यायला हवा आणि कागदावर ९ असतो. चूक तेथल्या तेथे उघडी पडते.

नकाशावर सरकणारा ठिपका म्हणजेच ट्रेसेबिलिटी, हा समज अलीकडचा. ठिपका वाहन आत्ता कोठे आहे ते दाखवतो. पिशवीत काय भरले, ती कोणी भरली आणि ती कोणी स्वीकारली, हे तो सांगत नाही. त्याचप्रमाणे महागडी संगणक प्रणाली घेतली की माग आपोआप सुधारतो, हेही खरे नाही, कारण एक ऑर्डर दोन खोक्यांत विभागली गेली आणि दुसऱ्या खोक्याचा क्रमांक मूळ ऑर्डरशी जोडलाच नाही, किंवा वस्तू हाती देण्याआधीच जिन्यात उभे राहून ‘पोहोचली’ अशी नोंद केली, तर प्रणाली ती चूक निमूटपणे जपून ठेवते. नोंद हात बदलताना, देणारा आणि घेणारा दोघेही समोर असताना व्हायला हवी.

परतीच्या मालाच्या बाबतीत तर बहुतेक व्यवसाय सर्वाधिक ढिले असतात: परत आलेल्या वस्तूला नवा क्रमांक मिळतो, जुन्याशी त्याचा धागा तुटतो आणि ग्राहकाचे पैसे अडकून पडतात. दुपारी रिकामा झालेला डबा मात्र त्याच झाकणासह, त्याच खुणांनिशी उलट दिशेने निघतो. सकाळी ज्या रंगाकडे कोणी फारसे पाहिले नव्हते, तोच रंग आता त्याला त्याच्या स्थानकावर उतरवतो.