जानेवारीतली लस, जुलैतली लस

"जानेवारीत हीच लस पोटुशीला चालत नव्हती, जुलैत चालायला लागली. मधे बदललं काय?" २०२१च्या पावसाळ्यात बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत एका आजींनी मला विचारले. नात सहा महिन्यांची गरोदर होती. लस बनत होती याच शहरात, हडपसरच्या बाजूला. अंतराचा प्रश्न नव्हता, विश्वासाचा होता.

लस तीच होती. जानेवारीत केंद्र सरकारच्या सूचनेत कारण लिहिले होते: गरोदर आणि स्तनदा स्त्रिया चाचण्यांत नव्हत्या, म्हणून तूर्त त्यांना लस देऊ नये. वस्तीपर्यंत पोहोचले ते फक्त 'देऊ नये', आणि 'अजून माहीत नाही'चा अर्थ 'घातक आहे' असा झाला.

त्या चाचण्यांत का नव्हत्या, याचे मूळ थॅलिडोमाइडमध्ये सापडते. गरोदरपणातल्या मळमळीवरही दिले जाणारे हे औषध १९६१मध्ये बाजारातून मागे घ्यायला सुरुवात झाली, तोवर हजारो मुले हातापायांत व्यंग घेऊन जन्मली होती. त्यानंतर गर्भवतींना चाचण्यांपासून दूर ठेवण्याकडे कल वाढला. हेतू रक्षणाचा, पण त्यामुळे नवी लस आली की जिला सर्वाधिक शंका, तिच्याच बाबतीत उत्तर नसते.

मग दुसरी लाट आली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १,५३० गर्भवती व बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या. पहिल्या लाटेत मृत्यूचे प्रमाण ०.७ टक्के होते, दुसरीत ५.७. न घेण्याची किंमत दिसू लागली. २ जुलै २०२१ रोजी गर्भवतींना लस घेण्याची मुभा मिळाली. तोवर अमेरिकेत लस घेतलेल्या पस्तीस हजारांहून अधिक गर्भवतींची माहिती प्रसिद्ध झाली होती. ती लस वेगळ्या जातीची होती, हेही सांगायला हवे. आपला निर्णय पुराव्यांच्या ढिगावर नव्हे, दोन धोक्यांच्या तुलनेवर उभा होता. मला वाटते, आजींना हे असेच सांगितले असते तर पटले असते. 'लस सुरक्षित आहे, घाबरू नका' या फलकाने आधीच्या 'देऊ नये'चे उत्तर मिळत नाही.

रुबेलाचे उदाहरण पाहा. ती लस गरोदरपणी देत नाहीत, कारण तिच्यात सौम्य केलेला जिवंत विषाणू असतो. पण दिवस गेल्याचे कळण्याआधी ती घेतलेल्या स्त्रियांवर अनेक देशांत लक्ष ठेवले गेले, आणि लसीमुळे बाळाला जन्मजात रुबेलाची व्यंगे आल्याचे आढळले नाही. म्हणून केवळ तेवढ्यासाठी गर्भपाताचा सल्ला दिला जात नाही. 'देत नाहीत'चा अर्थ घरात 'घात झाला' असा लावला गेला, तर नीट वाढणारा गर्भही काढून टाकला जाऊ शकतो.

शिवाय कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडतेच. निदान झालेल्या शंभर गर्भधारणांपैकी दहा ते पंधरा लसीविनाही आपोआप पडतात. त्यातली एखादी सुईनंतर आठवड्यात पडली, की दोष सुईला.

धनुर्वाताच्या सुईबद्दल मात्र आमच्याकडे कुणी चकार शब्द काढत नाही. आईने घेतली, आजीने घेतली. २०१५मध्ये माता आणि नवजातांमधल्या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. आता टीटीऐवजी टीडी मिळते, तिच्यात घटसर्पापासूनही संरक्षण आहे. पहिला डोस गरोदरपणात शक्य तितक्या लवकर, दुसरा चार आठवड्यांनी. मागच्या खेपेला दोन्ही घेऊन तीन वर्षे उलटली नसतील, तर एकच बूस्टर.