'पेरू' शब्दाची कुळकथा

कांदिवलीच्या बाजारात एकाच पाटीतील फळाला मराठी गिऱ्हाईक पेरू म्हणते, गुजराती गिऱ्हाईक जामफळ आणि उत्तरेकडील अमरूद. यांपैकी पहिले नाव बहुधा दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाशी जोडले जाते. फळ मूळचे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील, तेव्हा ही कल्पना सुचणे स्वाभाविक आहे. परंतु ती टिकत नाही. त्या देशावरून पोर्तुगीजांनी 'पेरू' हे नाव दिले ते टर्की पक्ष्याला, फळाला नव्हे.

लॅटिनमध्ये नासपतीचे झाड 'पिरुस्' व फळ 'पिरुम्'. पहिला शब्द स्त्रीलिंगी, दुसरा नपुंसकलिंगी; त्याचे अनेकवचन 'पिरा'. फळांचा उल्लेख बहुधा अनेकवचनीच होतो. त्यामुळे लोकभाषेत हे आकारान्त रूपच स्त्रीलिंगी एकवचन मानले गेले आणि ऱ्हस्व इकाराचा एकार होऊन इटालियन, स्पॅनिश व पोर्तुगीज 'पेरा' सिद्ध झाला. फ्रेंच 'प्वार', इंग्रजी 'पेअर' व जर्मन 'बिर्ने' याच कुळातील. (जुन्या इंग्रजीत 'पेरु' असे रूप आढळते, हा निव्वळ योगायोग.)

१५३४ च्या तहाने वसईबरोबर साष्टी, म्हणजे आजच्या कांदिवलीचाही प्रदेश, पोर्तुगीजांकडे गेला. अमेरिकेतून आणलेल्या फळास त्यांनी येथे स्वदेशातील परिचित फळाचे नाव दिले. गोव्यातील पेरूच्या वडीस 'पेराद' म्हणतात. पोर्तुगीज 'पेरादा' म्हणजे नासपतीचा घट्ट पाक. मलयाळम् 'पेरक्का', सिंहली 'पेर' व बंगाली 'पेयारा' ही नावेही पोर्तुगीजांच्या सागरी वाटेवरचीच आहेत. यांतील एकातही अन्त्य ऊकार नाही. तो मराठीचा स्वतःचा असून लिंबू, काजू यांच्या सादृश्याने आला असावा. देशनामाशी साम्य दिसते ते केवळ त्यामुळे.

सर्वांत बोलका पुरावा मात्र 'अमरूद' हा होय. फार्सीत 'अम्रूद' म्हणजे नासपतीच! पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीजांनी केले तेच उत्तरेस फार्सी परंपरेत स्वतंत्रपणे घडले. याचे कारण फळातच आहे: देठाकडे निमुळता आकार, आणि गरातील कठीण पेशींमुळे दाताखाली येणारा रवाळपणा. लिनियसनेही १७६२ मध्ये पेरूच्या एका प्रकारास 'नासपतीसारखी फळे धरणारा' अशा अर्थाचे 'पिरिफेरुम्' हे नाव दिले होते. मराठीत खऱ्या नासपतीला मात्र फार्सीकडूनच नाव घ्यावे लागले.

पोर्तुगीज सत्तेपासून दूर असलेल्या विदर्भात पेरूला जांब म्हणतात.