तंबोरे जुळताना

गाणं सहाला असेल तर तंबोरे साडेचारलाच गवसणीतून बाहेर निघतात. लगेच कोणी तारेला हात लावत नाही. वाद्याला आधी त्या हॉलच्या हवेत स्थिरावू द्यावं लागतं. बाहेर जुलैचा कोल्हापुरी पाऊस कोसळत असला की दमट हवेनं खुंट्या फुगून बसतात. वातानुकूलित हॉलमध्ये आल्यावर तारा गारठून आखडतात आणि स्वर चढतो. रंगमंचावरचे दिवे लागले की तोच स्वर पुन्हा खाली घसरतो. म्हणून जाणता गवई आधी दिवे लावायला सांगतो, थोडा वेळ जाऊ देतो आणि मगच तंबोरा मांडीवर घेतो.

परदेशात रॉक बँडचे चाहते वेगळं, महागाचं तिकीट काढून साउंड चेकला जातात. बँड येतो, ड्रमवाला एकेका ड्रमवर काठी मारून बघतो, गिटारवाला एकच ओळ दहा वेळा वाजवतो, गायक माईकपुढे अर्धं गाणं म्हणून मध्येच थांबतो. चाहत्यांना ते अर्धं गाणंही हवं असतं. मला त्यांचं मन पटकन कळतं. आमच्याकडे याला कोणी तिकीट लावत नाही. कोल्हापूरच्या गायन समाज देवल क्लबमध्ये मैफल असली की मी लवकर जाऊन मागच्या खुर्चीवर गुपचूप बसतो. आजवर कोणी उठवलेलं नाही. ऐकायला एक माणूस आगाऊ येऊन बसलाय, याचा कोणाला त्रास होत नाही, थोडा आनंदच होत असावा.

गायिका असेल तर पट्टी साधारण काळी चार किंवा काळी पाच. पुरुष गवई असला तर काळी एक, काळी दोन. पट्टी ठरली की प्रथम जोडीच्या तारा षड्जात मिळवायच्या. या दोन पोलादी तारा तंबोऱ्याच्या मधोमध असतात. त्या एकमेकींत अशा मुरल्या पाहिजेत की दोन आहेत हे कळता कामा नये. थोडासा फरक राहिला तर आवाजात लाटा उठतात, आधी भराभर, मग सावकाश, आणि स्वर जुळला की लाट थांबते. मग शेवटची पितळी खर्जाची तार. पहिली तार सगळ्यांत शेवटी मिळवतात, कारण तिचा स्वर रागावर ठरतो. एरवी ती पंचमात असते. मालकंस गायचा असेल तर पंचम चालत नाही, तिथे मध्यम. मारवा, पुरिया असेल तर निषाद. कार्यक्रमपत्रिकेत राग छापलेले नसतात, पण पहिली तार कुठे बांधली हे ऐकलं की जाणत्या श्रोत्याला पहिल्या रागाचा अंदाज येतो.

खुंटीवर स्वर ढोबळ मिळतो. पुढचं काम घोडीच्या खालच्या मण्यांचं. मणी तसूभर खाली सरकवला की तार ताणली जाते. हे सगळं झाल्यावर जे उरतं ते मला सर्वांत मोलाचं वाटतं. घोडीवर तारेखाली सुताचा एक बारीक धागा असतो. तंबोऱ्यावर बसलेली शिष्या बोटाच्या टोकानं तो धागा पुढे ढकलते, तार छेडते, ऐकते. तार ठणठणीत पण कोरडी वाजते. धागा आणखी केसभर पुढे जातो. पुन्हा छेडते. आणि एका जागी तीच तार एकदम उघडते, तिच्यातून मधमाश्यांच्या मोहोळासारखा गुंजारव सुटतो. गवई मान हलवतात, 'राहू दे तिथंच' म्हणतात. धागा त्या जागेवरून हलला की आवाज पुन्हा मिटतो. ही जवारी.

जवारीची गंमत घोडीच्या घडणीत आहे. घोडी वरून सपाट दिसते, पण तिच्या पाठीला अगदी सौम्य उतार असतो. सतार सोडली तर बहुतेक तंतुवाद्यांत तार घोडीच्या धारेवर टेकते आणि तिथून मोकळी होते. तंबोऱ्यात ती त्या उतारावर लोळते. प्रत्येक कंपनात ती घोडीला चिकटते आणि सुटते, त्यामुळे तिची लांबी क्षणाक्षणाला बदलत राहते. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध लिहिला. भौतिकशास्त्रातला जुना नियम असा की तार ज्या बिंदूवर छेडाल, त्या बिंदूवर ज्यांची गाठ, म्हणजे न हलणारी जागा, येते ते उपस्वर तिच्यातून उमटू नयेत. रामन यांनी दाखवून दिलं की तंबोऱ्यात ते उमटतात आणि जोरात उमटतात. याचं श्रेय त्यांनी त्या घोडीला आणि तिच्यावरच्या धाग्याला दिलं. नोबेल पारितोषिकाच्या नऊ वर्षं आधीची ही गोष्ट. आमच्याकडच्या कारागिरांनी कानसीनं घासून जे हातात उतरवलं होतं, ते तिथं शास्त्राच्या भाषेत मांडलं गेलं.

खर्जाची तार नीट लागली की तिच्यातून गंधार ऐकू येतो. कोणी लावलेला नसतो, तो तारेच्या पाचव्या उपस्वरातून आपोआप निघतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. नव्या श्रोत्याला तो लगेच सापडत नाही. एकदा सापडला की मग कधी सुटत नाही. शिकणाऱ्या मुलांना तंबोऱ्याला बसवायचं ते एवढ्यासाठी.

ही वाद्यं येतात मिरजेहून. कोल्हापुरातून रेल्वेनं गेलं तर पन्नासेक किलोमीटर, आणि ही रेल्वे १८९१ पासून आहे. मिरजेत सतारमेकर हे आडनावच आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्या, ती घडवणाऱ्या कारागिरांनी, वाद्यं करायला घेतली. संस्थानी फौजांचे दिवस सरत होते, हातातलं कसब तर होतंच. फरीदसाहेबांचं नाव यात पहिलं घेतात. भोपळा सोलापूर जिल्ह्यातला, मंगळवेढा, पंढरपूर, बेगमपूर या भागातला. हा भोपळा खायचा नव्हे, कडू जातीचा. वेलीवरच पक्का होऊ द्यायचा, मग महिनोन्महिने वाळवायचा, कापून आतून साफ करायचा, पाण्यात भिजवून आकाराला आणायचा. दांडी आणि तबली तुणीच्या लाकडाची. सगळ्यांत शेवटी बसतो तो जवारीवाला. घोडी हाडाची असो की शिंगाची, कानस फिरवायची, तार चढवून ऐकायचं, तार उतरवून पुन्हा कानस. डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही. घासणारा हात थांबतो तो कानाच्या हुकमानं. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा या भागात मनापासून आनंद झाला. मानांकनानं नक्कल करणाऱ्याला आळा बसेल. कानस धरणारा नवा हात मात्र घराघरांतूनच तयार व्हावा लागेल, आणि त्या हाताला पोटापुरतं मिळालं तरच तो टिकेल.

मिरज हे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचंही गाव. जन्मानं नव्हे, त्यांनी निवडलेलं. वाद्य स्वतः उघडून दुरुस्त करायला बसणारे गवई म्हणून ते प्रसिद्ध होते. १९३७ साली दक्षिणेतल्या प्रवासात त्यांनी देह ठेवला आणि त्यांना मिरजेतच मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावा मिळाला. तिथं त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी गाणं होतं.

आता देवल क्लब. स्थापना १८८३. पेटीवादक आणि संगीतकार गोविंदराव टेंबे क्लबहून दोनच वर्षांनी मोठे, आणि संगीताची आपल्याला गोडी लागली ती या क्लबमुळे, असं त्यांनी कृतज्ञतेनं सांगितलेलं आहे. पेटी ते बहुतांशी स्वतःच शिकले, भास्करबुवा बखल्यांचं मार्गदर्शन मिळालं, आणि अल्लादिया खाँसाहेबांकडे प्रत्यक्ष तालीम नसताना त्यांना गुरू मानलं. १९११ साली 'मानापमान'ची पदं त्यांनी चालींत बांधली आणि अख्ख्या महाराष्ट्रानं ती गुणगुणली. १९३२ साली इथेच, कोल्हापुरात, प्रभातनं पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' केला तेव्हा हरिश्चंद्राच्या भूमिकेत टेंबेच होते, संगीतही त्यांचंच. हा सगळा पसारा एका मुलाच्या ऐकण्यातून उभा राहिला. क्लबनं त्याला शिकवलं असेल त्याहून जास्त ऐकवलं. आज क्लबच्या रंगमंदिराला त्यांचं नाव आहे.

ज्या काळात हा मुलगा मोठा होत होता, त्या काळात राजर्षी शाहू महाराजांनी अल्लादिया खाँसाहेबांना कोल्हापुरात आणलं होतं. खाँसाहेबांचा जन्म उनियाऱ्याचा, १८५५ चा. तारुण्यात आमलेटा संस्थानात बेसुमार गाऊन त्यांचा आवाज बसला, पुन्हा पूर्वीसारखा उघडला नाही. ज्या आवाजावर नाव झालं तो गेल्यावर त्यांनी उरलेल्या आवाजाला साजेल अशी गायकी रचली, पेचदार, अखंड, लयीशी घट्ट विणलेली. जयपूर-अत्रौली घराणं आज आपण ज्या रूपात ऐकतो ते त्या आपत्तीतून घडलं. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही त्यांचीच परंपरा. त्यांचे चिरंजीव भुर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले. मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडे शिकले, कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी शिकल्या. खाँसाहेबांनी आपल्या आठवणी नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितल्या म्हणून त्या आपल्यापर्यंत पोचल्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचे निवडक आवाज अवकाशात पाठवले, त्यांत केसरबाईंची भैरवी आहे. त्या लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे शिकल्या होत्या, हे इथल्या रसिकांनी अभिमानानं लक्षात ठेवावं.

त्या काळच्या बैठकीत तंबोरे जुळायचे ते श्रोत्यांच्या समोरच. पडदा नव्हता, हिरवी खोली नव्हती. दिवाणखान्यात जाजमावर लोक बसलेले, गवई दोन तंबोऱ्यांच्या मध्ये. तार लागेपर्यंत सगळे थांबत, आणि थांबता थांबता त्यांचे कानही लागत. मला वाटतं कोल्हापूरचा श्रोता तयार झाला तो या थांबण्यातून.

आता मध्ये माईक आला. मी त्याच्या विरोधात नाही. मोठ्या हॉलमध्ये तो लागतोच, आणि ध्वनी सांभाळणारी आमच्याकडची पोरं मन लावून काम करतात. परवा रंगमंचावरून गाणाऱ्या ताई सांगत होत्या, 'दादा, मला मॉनिटरमध्ये माझा आवाज नको. फक्त तंबोरे दे. पेटी थोडी खाली घे.' तो मुलगा खालून म्हणाला, 'ताई, डावा तंबोरा पुढं येतोय, माईक जरा मागं घेऊ का?' त्यांनी हात वर करून थांबवलं, पुन्हा षड्ज लावला, डोळे मिटून ऐकला. तेवढ्यात तबलजींनी हातोडी काढली आणि गठ्ठ्यांवर, मग गजऱ्यावर, हलक्या हातानं ठोकत तबला त्या षड्जात आणला. घर घर फिरून त्यांनी चाट ऐकली. पाचएक मिनिटं कोणी कोणाशी बोललं नाही आणि तरी सगळ्यांचं एकमत होत गेलं.

मला खटकतं ते वेगळं. १९७९ साली बंगळूरच्या राडेल कंपनीनं इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आणला, आता तर तो मोबाइलमध्ये आहे. एकट्यानं रियाज करणाऱ्याला तो मोठा आधार, त्याबद्दल दुमत नाही. पण मैफलीत दोन जातिवंत मिरजी तंबोरे मागे उभे असताना पेटीशेजारी तो डबाही चालू ठेवतात आणि स्पीकरमधून येतो तो डब्याचा आवाज. मग शिष्येचं तारा छेडणं नुसतं दिसण्यापुरतं उरतं. ज्या धाग्यासाठी तिनं अर्धा तास घालवला त्याला काही अर्थ राहत नाही. खात्रीचा सूर हवा म्हणून हे करतात, हे मला कळतं. पण तारा उतरल्या तर मध्येच थांबून त्या मिळवण्याचा गवयाला हक्क आहे, आणि कोल्हापूरच्या श्रोत्यानं तो नेहमी दिलेला आहे.

त्या दिवशी ताईंनी तो डबा बंद करायला लावला. पहिला राग संपला, टाळ्या झाल्या, कोणीतरी मागून 'नादखुळा!' म्हणून ओरडलं. पुढे मालकंस घ्यायचा होता. त्यांनी मागे वळून शिष्येला सांगितलं, 'पंचम उतरव, मध्यम लाव.' भरलेला हॉल. शिष्येनं खुंटी सैल केली, तार घोंघावत खाली आली, मध्यमाच्या अलीकडे थांबली, मणी सरकला, धागा सरकला. मध्यम लागला. मी शेजारी बघितलं, आठ-दहा वर्षांची एक मुलगी आईच्या मांडीवरून पुढे झुकून त्या बोटांकडे बघत होती. आईनं तिला मागे ओढलं नाही. मग पहिला आलाप.

म्हणून माझं सगळ्या आयोजकांना सांगणं आहे. निमंत्रणपत्रिकेवर मैफलीची वेळ छापता, तिच्यावर एक ओळ आणखी छापा: तंबोरे जुळणी पाच वाजता, रसिकांना प्रवेश खुला. गवयाला विचारून घ्या, नको म्हणाले तर आग्रह नको. आलेल्यांनी मोबाइल बंद ठेवायचे, बोलायचं नाही, पुढच्या दोन रांगा शिकणाऱ्या मुलांसाठी राखायच्या. वर्षातून एकदा मिरजेहून एखाद्या कारागिराला बोलवा, घोडी आणि कानस घेऊन मंचावर बसवा, मुलांना त्याच्या शेजारी बसू द्या. त्याला मानधन गवयाच्या बरोबरीनं द्या.