बॉयलरवर एरर कोड दिसतोय? रीसेटचं बटण दाबत बसण्याआधी त्याचा अर्थ समजून घ्या

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी माणसाची पहिल्याच हिवाळ्यात एका पांढऱ्या पेटीशी गाठ पडते. स्वयंपाकघराच्या भिंतीवर किंवा कपाटात टांगलेली ही पेटी म्हणजे गॅस बॉयलर. नळाला गरम पाणी तीच देते आणि खोल्याखोल्यांतले रेडिएटरही तीच तापवते. पुण्या-मुंबईत गिझर बिघडला तर शेगडीवर पातेलं ठेवून आंघोळ उरकता येते. तिथे मात्र बाहेर तापमान शून्याखाली असताना बॉयलर बंद पडला, की अख्खं घर गारठतं.

आणि बॉयलर बंद पडतो तोही नेमका अशाच दिवशी. स्क्रीनवर 'एफ२८', 'ईए', 'एल२' असं काहीतरी लुकलुकायला लागतं. मग कुणी रीसेटचं बटण दाबत सुटतं, कुणी व्हिडिओ बघून स्क्रू ड्रायव्हर हातात घेतं, तर कुणी घाबरून मिळेल त्या माणसाला तातडीच्या दराने बोलावतं. खरं तर यातल्या बऱ्याच वेळा दुखणं साधं असतं. पण ते ओळखण्यासाठी हा कोड नक्की काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे माहीत असायला हवं.

कोड म्हणजे बिघडलेल्या भागाचं नाव नव्हे

सर्वात मोठा गैरसमज इथेच होतो. कोड पाहिला, की लोकांना वाटतं बॉयलरने खराब झालेला भाग सांगितला. प्रत्यक्षात तो एवढंच सांगतो की काम कुठल्या टप्प्यावर अडलं. लोकल कुर्ल्याला थांबली एवढं कळावं, पण सिग्नल गेला, वायर तुटली की रुळावर पाणी आलं हे कळू नये, तसंच हे आहे.

गरम पाण्याचा नळ सोडला किंवा थर्मोस्टॅटने उष्णता मागितली, की बॉयलर ठरलेल्या क्रमाने पुढे जातो. हीटिंगसाठी तो आधी पंप सुरू करून पाणी फिरवतो. पाण्याचा दाब पुरेसा आहे का, हे तपासतो. मग पंखा फिरतो आणि जळण्यासाठी हवा ओढतो. त्यानंतर ठिणगी पडते, गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो आणि ज्योत पेटते.

ज्योत खरंच पेटली का, हे बॉयलरला कसं कळतं? त्यामागचं तत्त्व मजेशीर आहे. ज्योतीतून अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहू शकतो. ज्योतीत बसवलेल्या इलेक्ट्रोडमधून तो प्रवाह मिळाला तर ज्योत आहे, नाही मिळाला तर नाही. काही सेकंदांत ज्योत दिसली नाही, तर बॉयलर स्वतःच गॅस बंद करतो. न जळलेला गॅस साठू नये, हा त्यामागचा हेतू. थोडे प्रयत्न करूनही जमलं नाही तर तो कुलूप लावून बसतो आणि स्क्रीनवर कोड येतो. म्हणजे कोड दिसणं हा एका अर्थी बॉयलरची सुरक्षा यंत्रणा काम करत असल्याचा पुरावाच आहे.

नेहमी दिसणारे काही कोड

प्रत्येक कंपनीची कोडची भाषा वेगळी असते. ब्रिटनमध्ये घरोघरी दिसणाऱ्या कंपन्यांचे काही कोड असे:

- पाण्याचा दाब कमी: वॅलंटमध्ये एफ.२२, बॅक्सीमध्ये ई११९, आयडियल लॉजिकमध्ये एफ१.
- ज्योत पेटली नाही किंवा ओळखता आली नाही: वॅलंटमध्ये एफ.२८, वूस्टर बॉशमध्ये ईए, बॅक्सीमध्ये ई१३३, आयडियल लॉजिकमध्ये एल२.
- पेटलेली ज्योत मध्येच गेली: वॅलंटमध्ये एफ.२९, आयडियल लॉजिकमध्ये एफ२.
- प्रमाणाबाहेर तापला: वूस्टर बॉशमध्ये ई९, बॅक्सीमध्ये ई११०.

इथे एक सावधगिरी हवी. आयडियल लॉजिकमध्ये एफ१ म्हणजे पाण्याचा दाब कमी, पण वॅलंटमध्ये एफ.१ म्हणजे तापमान मोजणाऱ्या एका सेन्सरचा बिघाड. त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी सांगितलेला अर्थ तसाच आपल्या बॉयलरला लावू नये. बॉयलरवरच्या स्टिकरवर मॉडेलचं पूर्ण नाव असतं. त्या मॉडेलचं मॅन्युअल कंपनीच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. त्यात पाहिलेला अर्थच खरा.

आता घरातल्या माणसाने बॉयलरचं झाकण न उघडता काय काय तपासायचं, ते पाहूया.

१. दाबाचा काटा बघा

बॉयलरच्या पुढच्या बाजूला दाब दाखवणारा गोल काटा किंवा आकडा असतो. बॉयलर थंड असताना तो साधारण १ ते १.५ बार असावा. पाणी तापलं की तो थोडा वर जातो, ते स्वाभाविक आहे. तो १ च्या बराच खाली गेला असेल, तर कोडचं कारण बहुधा तेच. रेडिएटरमधली हवा काढल्यानंतरही दाब हमखास उतरतो.

दाब वाढवण्यासाठी बॉयलरच्या खाली 'फिलिंग लूप' असतो. बऱ्याच घरांत ती चंदेरी जाळीची लवचीक नळी असते आणि तिला छोट्या चाव्या असतात. काही मॉडेलमध्ये त्याऐवजी किल्ली किंवा खटका असतो. बॉयलर बंद करून थंड होऊ द्यायचा, चाव्या हळूहळू उघडायच्या, काटा १ ते १.५ च्या दरम्यान आला की सगळ्या चाव्या घट्ट बंद करायच्या. चावी उघडी राहिली तर दाब वाढत जातो आणि ३ बारच्या आसपास सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून पाणी घराबाहेरच्या नळीतून गळायला लागतं.

वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी दाब भरावा लागणं नेहमीचं आहे. दर आठवड्याला भरावा लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे किंवा बॉयलरच्या आतलं एक्स्पान्शन व्हेसल निकामी झालंय. अशा वेळी नुसतं पाणी भरत राहणं महागात पडतं. दर वेळी ताज्या पाण्याबरोबर प्राणवायू आत जातो, रेडिएटर आतून गंजतात आणि तो काळा गाळ पंपापर्यंत पोहोचतो.

२. गॅस येतोय का, ते बघा

ज्योतीचा कोड आला की आधी गॅसची शेगडी पेटवून बघावी. शेगडीही पेटत नसेल तर दोष बॉयलरचा नाहीच. भाड्याच्या अनेक घरांत प्रीपेड मीटर असतो आणि त्यातले पैसे संपले की गॅस थांबतो. नवख्या विद्यार्थ्यांच्या हे लक्षातच येत नाही आणि थंड घरात मेकॅनिकची वाट बघण्यात दिवस जातो. शेगडी विजेवर चालणारी असेल तर थेट मीटरचा स्क्रीन बघावा.

३. बाहेरच्या नळीत बर्फ झालाय का, ते बघा

ज्योतीच्या कोडमागचं सर्वात फसवं कारण हे आहे. कंडेन्सिंग बॉयलर धुरातली उष्णतासुद्धा वापरतो. त्यामुळे धूर थंड होतो आणि त्यातल्या वाफेचं पाणी होतं. इंग्लंड आणि वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून काही अपवाद वगळता नवा गॅस बॉयलर याच प्रकारचा बसवावा लागतो. हे पाणी किंचित आम्लधर्मी असतं, म्हणून ते प्लॅस्टिकच्या नळीतून बाहेर सोडतात. ही नळी घराच्या बाहेरच्या भिंतीवरून जात असेल, तर कडाक्याच्या थंडीत तिच्यातलं पाणी गोठतं. मागचं पाणी तुंबून बॉयलरपर्यंत येतं आणि तो बंद पडतो. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'बीस्ट फ्रॉम द ईस्ट' नावाने गाजलेली थंडीची लाट आली, तेव्हा ब्रिटनभर असंख्य बॉयलर याच कारणाने बसले होते.

गंमत अशी, की स्क्रीनवर बर्फाचा उल्लेखही नसतो. तिथे 'ज्योत नाही' एवढंच असतं. त्या कोडवर विसंबून इलेक्ट्रोड, गॅस व्हॉल्व्ह आणि शेवटी सर्किट बोर्ड बदलणारे लोक असतात, आणि दुखणं मात्र बाहेर हातभर नळीत असतं.

ओळखायचं कसं? रात्री पारा शून्याखाली गेला होता, सकाळी बॉयलर बंद पडला आणि सुरू होताना आतून गुडगुड असा पाणी तुंबल्याचा आवाज येतोय, तर संशय नळीवर घ्यावा. ती हाताला येईल अशा उंचीवर असेल, तर गरम पाण्याची रबरी पिशवी तिच्यावर धरावी किंवा झारीने कोमट पाणी ओतावं. बहुतेक वेळा बर्फ वळणाजवळ किंवा नळीच्या तोंडाशी असतो. उकळतं पाणी ओतू नये, त्याने नळी तडकू शकते. जमिनीवर सांडलेलं पाणीही गोठून पाय घसरतो, हे ध्यानात ठेवावं. शिडी लावून वरच्या मजल्यापर्यंत चढण्याचा उद्योग तर नकोच. बर्फ वितळला की एकदा रीसेट करावं.

रीसेट किती वेळा?

कारण दूर केल्यानंतर एकदा. फार तर काही मिनिटं थांबून आणखी एकदा. तरीही तोच कोड परत आला तर थांबावं. रीसेटने दुखणं बरं होत नाही, बॉयलरने लावलेलं कुलूप फक्त निघतं. त्याने ज्या कारणासाठी गॅस बंद केला, ते कारण तसंच असताना त्याला पुन्हा पुन्हा गॅस सोडायला लावण्यात शहाणपण नाही. बोलावण्याआधी कोडचा, दाबाच्या काट्याचा आणि मॉडेलच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवावा. येणारा माणूस योग्य तयारीने येतो आणि एक फेरी वाचते.

झाकण कुणी उघडायचं?

ब्रिटनमध्ये याचं उत्तर कायद्याने दिलेलं आहे. पैसे घेऊन गॅसच्या उपकरणाचं काम करणाऱ्याची 'गॅस सेफ रजिस्टर'मध्ये नोंद असावी लागते. १ एप्रिल २००९ पासून या नोंदणीने जुन्या 'कॉर्गी' नोंदणीची जागा घेतली. अशा इंजिनिअरकडे फोटो असलेलं ओळखपत्र असतं आणि त्याला कुठल्या प्रकारची कामं करता येतात, हे कार्डाच्या मागे लिहिलेलं असतं. दारात आलेल्या माणसाकडे कार्ड मागण्यात संकोच नको. ओळखीतला हरहुन्नरी मित्र कितीही हुशार असला, तरी इथे त्याची मदत नको. कारण आधुनिक बॉयलरचं झाकण म्हणजे नुसता पत्रा नसतो. अनेक मॉडेलमध्ये जळणाची जागा घरातल्या हवेपासून वेगळी ठेवण्याचं काम तेच करतं.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. इंग्लंडमध्ये १९८५ च्या घरमालक-भाडेकरू कायद्यानुसार हीटिंग आणि गरम पाण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी सर्वसाधारणपणे घरमालकाची असते. गॅसची सुरक्षा तपासणी त्याने दर वर्षी करून घ्यायची असते आणि तिची प्रत नव्या भाडेकरूला घरात येण्याआधी द्यायची असते. म्हणून बॉयलर बिघडला की तोंडी सांगून न थांबता, कोडच्या फोटोसह लगेच ईमेल करावा. तारीख नोंदली जाते आणि पुढे वाद झालाच तर उपयोगी पडते.

ज्याचा कोड येत नाही, तो धोका

सर्वात महत्त्वाचं शेवटी. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. घरात बसलं की डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं आणि बाहेर पडलं की बरं वाटतं, तर तो थंडीताप समजून झोपून राहू नये. उपकरण बंद करावं, खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावं आणि वैद्यकीय मदत घ्यावी. या वायूसाठी वेगळा अलार्म लागतो. इंग्लंडमध्ये १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात बॉयलर असलेल्या खोलीत तो बसवणं घरमालकाला बंधनकारक आहे. गॅसचा वास आला तर विजेचं कुठलंही बटण दाबू नये, मीटरजवळची चावी बंद करावी आणि बाहेर जाऊन ०८०० १११ ९९९ या चोवीस तास चालणाऱ्या मोफत क्रमांकावर फोन करावा.

हा मुद्दा महाराष्ट्रातल्या घरांनाही तितकाच लागू आहे. ब्रिटनमधला आधुनिक बॉयलर जळणासाठी हवा बाहेरून घेतो आणि धूरही बाहेर सोडतो. आपल्याकडच्या बाथरूममध्ये लावलेले अनेक गॅस गिझर मात्र त्याच छोट्या खोलीतली हवा वापरतात. खिडकी बंद असेल आणि धूर बाहेर जायला वाट नसेल, तर आंघोळ करणाऱ्याला काही कळायच्या आत घात होतो. गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत लावणं हाच त्यावरचा खात्रीचा मार्ग.

थोडक्यात, कोड दिसला की क्रम असा: मॅन्युअलमध्ये अर्थ बघा, दाब बघा, गॅस बघा, थंडी असेल तर बाहेरची नळी बघा, एकदा रीसेट करा. एवढ्याने काम झालं तर उत्तम. नाही झालं तर पुढचं काम ओळखपत्रवाल्या माणसाचं. परदेशात पहिला हिवाळा काढणारं कुणी ओळखीत असेल, तर त्यांना हा लेख आत्ताच पाठवून ठेवा. बॉयलर बंद पडल्यावर गार पडलेल्या बोटांनी माहिती शोधण्यापेक्षा आधी वाचलेलं बरं!