खुर्ची रिकामी झाल्यावर

निर्नायकी आंदोलनांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणते, मोबाइलने लोकशाही तळापर्यंत नेली. कोणी म्हणते, हा नुसता जमाव. श्रीलंकेतील २०२२चा ‘अरगलय’ (म्हणजे संघर्ष) तारीखवार लावून पाहिला, तेव्हा मला ही दोन्ही मते अपुरी वाटली.

परकीय गंगाजळी आटली होती. पेट्रोल, गॅस, औषधे मिळेनाशी झाली होती. ३१ मार्चच्या रात्री राष्ट्राध्यक्ष गोटाबाया राजपक्षे यांच्या मिरिहाना येथील घरासमोर लोक जमले. धरपकड झाली, तेव्हा शेकडो वकील आपणहून मदतीला धावले. ३ एप्रिलला सरकारने समाजमाध्यमे बंद केली. लोक व्हीपीएन वापरून बोलत राहिले आणि बंदी त्याच दिवशी उठवावी लागली. ९ एप्रिलला कोलंबोच्या गॉल फेस किनाऱ्यावर ‘गोटा गो गम’ वसले. सिंहली ‘गम’ आणि मराठी ‘गाव’, दोन्ही ‘ग्राम’चीच रूपे. या गावात स्वयंपाकघर होते, वाचनालय होते, दवाखाना होता, सरपंच नव्हता.

त्याचा फायदा उघड होता. पकडायचे कोणाला, फोडायचे कोणाला, हेच सरकारला कळेना. ‘गोटा, घरी जा’ या एका मागणीमागे सिंहली, तमिळ, मुस्लिम उभे राहू शकले. कामगार संघटनांनी ६ मे रोजी हरताळ पाळून त्या मागणीला बळ दिले.

तोटा ९ मे रोजी दिसला. सत्ताधाऱ्यांच्या समर्थकांनी तळावर हल्ला केला आणि त्याच दिवशी पंतप्रधान महिंदा राजपक्षे यांनी राजीनामा दिला. रात्री देशभर सत्ताधारी खासदारांची घरे जळाली. ‘थांबा’ म्हटल्यावर सगळे थांबतील, असा शब्द कोणाचाच नव्हता.

९ जुलैला लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले. गोटाबाया देश सोडून गेले. १४ जुलैला सिंगापूरहून त्यांचा राजीनामा आला. मागणी पूर्ण झाली आणि तिथेच संपली. खुर्चीवर कोण बसणार, हे आंदोलनाने ठरवलेच नव्हते. ते राज्यघटनेनुसार संसदेने ठरवले, आणि संसद राजपक्षेंच्याच पक्षाच्या बहुमताची होती. २० जुलैला रानिल विक्रमसिंघे १३४ मतांनी निवडून आले. २२ जुलैच्या पहाटे लष्कराने आंदोलकांचे तंबू उखडले.

त्याच संसदीय निवडणुकीत अनुरा कुमार दिसानायके यांना ३ मते पडली होती. सप्टेंबर २०२४मध्ये जनतेने त्यांनाच राष्ट्राध्यक्ष केले. त्यांचा जनता विमुक्ती पेरमुना हा पक्ष १९६५ पासूनचा, गावोगाव कार्यकर्ते असलेला. लोकांचा संताप मतपेटीपर्यंत नेण्यासाठी लागणारी माणसे त्याच्याकडे होती.

म्हणून बांगलादेश (२०२४) किंवा नेपाळ (२०२५) येथील उठावांविषयी वाचताना मी गर्दीचा आकडा नंतर पाहतो. खुर्ची रिकामी झाली त्या आठवड्यात तिच्यासाठी तयार कोण होते, हे आधी शोधतो.