झाकण उघडून घ्यायचा स्कोप

जुना ऑसिलोस्कोप घेताना बहुतेक जण पडद्यावरची रेघ बघतात आणि ती बारीक, ठळक आली की पैसे मोजतात. मी आधी झाकण उघडायला लावतो. पन्नास वर्षांचं यंत्र कधीतरी बंद पडणारच; तेव्हा ते आपल्या हातून पुन्हा चालू होईल का, हे आत बघूनच कळतं.

टेक्ट्रॉनिक्सचेच स्कोप घ्या. ओरेगनमधली ही कंपनी १९४६ सालची. पन्नाशीच्या दशकातला तिचा ५४५ ट्यूबवर चालणारा, दोघांनी मिळून उचलावा असा अवजड. आत चिनी मातीच्या खाचदार पट्ट्या, खाचांना चांदीचा थर, आणि दोन पट्ट्यांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे लावलेले रेझिस्टर-कॅपॅसिटर. सगळं उघडं, हाताला येणारं. साध्या कथील-शिशाच्या सोल्डरने पुन्हा पुन्हा डाग दिला, तर खाचेतली चांदी त्यात विरघळते आणि पट्टी वाया जाते. म्हणून चांदी मिसळलेल्या सोल्डरची छोटी गुंडाळी कंपनीने स्कोपच्या आतच ठेवून दिली. पुढे कोण हे उघडणार हे ठाऊक नसताना त्याची केलेली ही सोय! ती गुंडाळी दिसली की मला आजही भरून येतं. या मालिकेतल्या काही स्कोपचा हाय व्होल्टेज ट्रान्सफॉर्मर तापला की दमतो आणि चित्र फुगत फुगत नाहीसं होतं. तेवढं दुखणं मात्र अवघड.

माझी पसंती १९७२ च्या ४६५ ला. शंभर मेगाहर्ट्झ, एका हाताने उचलता येणारा, आणि मॅन्युअल असं की सर्किटमध्ये कुठे किती व्होल्ट हवेत, कोणती वेव्ह दिसायला हवी, सगळं छापलेलं. दिवा लागतो, पण रेघ नाही? पाचही पुरवठे मोजा. १५ व्होल्टच्या जागी जवळपास शून्य आलं, तर वीज काढून ओहम बघा. बहुतेक वेळा थेंबाएवढा एखादा टँटलम कॅपॅसिटर शॉर्ट झालेला असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ३५ व्होल्टचा आणून लावा. पिक्चर ट्यूबकडे हजारो व्होल्ट असतात. तिथे एक हात खिशातच ठेवा.

ऐंशीच्या दशकातला २४६५बी चारशे मेगाहर्ट्झपर्यंत जातो, देखणाही आहे. पण त्यातल्या कितीतरी आयसी कंपनीने स्वतःपुरत्या घडवलेल्या. आडव्या स्वीपची यू-८०० गेली, तर दुसऱ्या स्कोपमधूनच काढावी लागते. काहींत बोर्डावरचे छोटे कॅपॅसिटर गळून तांब्याच्या रेघा खातात. शिवाय कॅलिब्रेशनचे आकडे ज्या मेमरीत असतात, तिची बॅटरी काहींत मेमरीच्या आतच बंद. ती संपली की आकडे गेले. तुमच्याकडे हा स्कोप असेल, तर दिवाळीच्या सुट्टीत एक काम उरका: डायग्नॉस्टिक मेनूत ते आकडे पडद्यावर येतात, एकेक करून वहीत उतरवून घ्या.