मिग-२१चं मॉडेल: धड मिटण्याआधी

सप्टेंबर २०२५मध्ये चंडीगडला हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला. १९६३मध्ये सेवेत आलेलं हे विमान पुढे नाशिकजवळ ओझरच्या एचएएल कारखान्यातही बनू लागलं. तेव्हा पहिलं प्लॅस्टिकचं जेट म्हणून मराठी घरात मिगच निवडायला वेगळं निमित्त शोधावं लागत नाही.

मूळ विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ७.१५ मीटर. १:७२ प्रमाणात ते सुमारे १० सेंटिमीटर भरतात, १:४८मध्ये १५. बारकावे दाखवायचे असतील तर १:४८ घ्यावं. किट घेण्याआधी प्रकार ठरवा. १९७१ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर रॉकेटं सोडणारं ‘एफएल’ पाठीने सडपातळ, त्याची कॅनॉपी पुढच्या बिजागरीवर उघडते. नंतरच्या ‘बिस’ची पाठ फुगीर आणि कॅनॉपी उजवीकडे कलते.

मिगचं धड म्हणजे उभी चिरलेली नळी. डावी-उजवी बाजू एकदा चिकटली की आत हात जात नाही, आणि कामाचा सगळा क्रम यावरूनच ठरतो. नाकातला शंकू, कॉकपिट, पुढच्या चाकाचा कप्पा, मागची एक्झॉस्ट नळी हे बहुतेक किटमध्ये आधी रंगवून आत बसवावं लागतं. कॉकपिटला सोव्हिएत पद्धतीचा निळसर हिरवा रंग, डायलच्या पाट्या काळ्या. ब्रशवरचा रंग जवळजवळ पुसून कोरडा ब्रश कडांवरून फिरवला की बटणं उठून दिसतात. मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून नाकात शिशाचे छर्रेही आत्ताच चिकटवून टाका.

सुटे भाग स्प्रूमधून, म्हणजे ते ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले असतात तिच्यातून, ओढून तोडू नयेत. निपरने थोडं लांबून कापावं, उरलेला कोंब पॉलिश पेपरने घासावा. मॉडेलचं पातळ सिमेंट नेहमीच्या गोंदासारखं काम करत नाही, ते पॉलिस्टायरीन विरघळवतं. दोन्ही बाजू आधी जुळवून धरायच्या आणि ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकवायचं; द्रव आपोआप फटीत ओढला जातो. हलकंसं दाबलं की वितळलेल्या प्लॅस्टिकची बारीक रेघ वर येते. ती दिसली म्हणजे सांधा भरला. पूर्ण वाळल्यावरच ती घासायची. जिथे फट उरेल तिथे पुट्टी भरावी. घासताना पुसल्या गेलेल्या पॅनलच्या रेषा सुईने पुन्हा कोराव्यात.

यानंतर प्रायमर. करड्या प्रायमरखाली राहिलेले ओरखडे इथे उघडे पडतात. जुन्या ‘एफएल’सारखा उघड्या धातूचा रंग द्यायचा असेल तर कसूर चालत नाही, कारण चकचकीत रंग काहीच झाकत नाही. खाली चमकदार काळ्याचा थर द्यावा आणि त्यावर एअरब्रशने ॲल्युमिनियमचे पातळ हात मारावेत. काही पॅनल किंचित गडद ठेवली की पत्र्याचा भास होतो.

भिजवून चिकटवायचं डेकल खरखरीत पृष्ठभागावर लावलं तर खाली हवा अडकून पांढुरकी चमक दिसते, म्हणून आधी ग्लॉस वार्निश. केशरी-पांढरं-हिरवं वर्तुळ पाण्यात भिजवून जागेवर सरकवावं, वरून डेकल मऊ करणारं द्रावण लावावं. डेकल लगेच सुरकुततं. त्याला बोट लावू नका. वाळताना ते स्वतःच रेषांमध्ये घट्ट बसतं.

शेवटी वॉश: पातळ गडद रंग रेषांत सोडून वरचा पुसून घ्यायचा. इथे हात आवरावा. मूळ विमानावरची मिलिमीटरभर फट १:४८मध्ये केसाहूनही बारीक होते, आणि काळ्या चौकटी आखलेलं विमान खेळण्यासारखं दिसतं. काजळी एक्झॉस्टपाशी, तेलाचे डाग पोटाखाली. तेही खऱ्या विमानाच्या फोटोत दिसतील तेवढेच.

नाकावरची लांब पिटो नळी मात्र सगळ्यात शेवटी लावा. आधी लावलीत तर घासण्या-रंगवण्याच्या धामधुमीत ती मोडणारच.